एक्स-रे साफ आहे, मग खोकला जात का नाही?

आदरणीय डॉक्टरसाहेब, नमस्कार.

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, वय ५२. रंगपंचमीला राजवाड्यावर गेरची रंगांची मिरवणूक बघायला गेलो होतो, त्यानंतर दोन दिवसांनी सर्दी-ताप झाला. ताप तीन दिवसांत उतरला, खोकला मात्र अजून आहे. तीन महिने होत आले. खोकला कोरडा. घशात खवखवतं आणि एकदा उबळ आली की थांबत नाही. बोलताना, हसताना आणि रात्री आडवं झाल्यावर जास्त. भजनी मंडळात गाणं बंद केलंय, नुसते टाळ वाजवते. सुरुवातीला एक्स-रे काढला, तो साफ होता. दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, चार तऱ्हेची सिरपं झाली. शिवाय काढा, हळद-दूध, बफारा आणि दिवसभर तोंडात ज्येष्ठमध. यजमान म्हणतात, गेरमधला गुलाल छातीत बसलाय. सासूबाईंना टीबीची शंका आहे. त्या तोंडाने काही बोलत नाहीत, पण माझा पेला आणि ताट वेगळं ठेवलंय. मला संक्रांतीनंतर बीपीची गोळी सुरू झाली. एप्रिलमध्ये बीपी वाढलेलं निघालं म्हणून डोस दुप्पट केला. बाकी काही आजार नाही, वजन तेवढंच आहे. खोकताना कधी कधी कपडे ओले होतात, हे लिहायलासुद्धा लाज वाटते. काय करू?

– एक वाचक, इंदूर

ताई, नमस्कार.

पत्र सविस्तर लिहिलंत ते फार बरं केलंत. त्यातली एक ओळ तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबलो. बीपीची गोळी. ती कुठली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा आधी उठा आणि ती स्ट्रिप घेऊन या. कंपनीने ठेवलेलं नाव सोडून द्या, मागच्या चंदेरी बाजूला औषधाचं मूळ नाव असतं ते वाचा. अक्षर लागत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. पाच-पाच गोळ्या कापून आणायची सवय असेल तर नावाचा अर्धा भाग बहुधा दुकानातच राहिला असेल, मग मेडिकलवाल्यालाच विचारा. नावाच्या शेवटी 'प्रिल' आहे का? रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही त्यातली नेहमीची. एकाच गोळीत दोन औषधंही असतात, म्हणून दोन्ही नावं बघा.

'प्रिल' निघालं तर इतर कशाच्याही आधी संशय त्या गोळीवर घ्यायचा. ही औषधं चांगली आहेत, उगाच दिलेली नसतात. शरीरातल्या एका एन्झाइमला ती अडवतात, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात आणि बीपी उतरतं. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाची विल्हेवाटही लावत असतं. ते काम थांबलं की हा पदार्थ श्वासनलिकेत साठतो आणि खोकल्याच्या नसा हुळहुळ्या होतात. मग चार वाक्यं बोललं, मोठ्याने हसलं, थंड वारा लागला, एवढंही उबळीला पुरतं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तर आवाज स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ, कफाचा पत्ता नाही. पुरुषांपेक्षा बायकांत हे जास्त दिसतं आणि युरोपातल्या लोकांपेक्षा आपल्या आशियाई लोकांत जास्त. हा खोकला गोळी घेतल्यावर काही तासांत सुरू होऊ शकतो, तसा काही महिन्यांनीही. म्हणून 'गोळी संक्रांतीची आणि खोकला रंगपंचमीनंतरचा' या हिशेबाने गोळी निर्दोष ठरत नाही. सर्दीने सुरू झालेला खोकला गोळीने धरून ठेवला, असंही होऊ शकतं.

आता एप्रिल आठवा. बीपी वाढलेलं निघालं तेव्हा ज्येष्ठमध चालू होतं ना? ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन असतं. रोज आणि बरेच दिवस पोटात गेलं तर ते अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं आणि बीपी वाढवतं. गाण्याआधी एखादी काडी चघळली तर बिघडत नाही, पण तुम्ही लिहिलंय 'दिवसभर तोंडात'. त्यात सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच सिरपांत फिनाइलएफ्रिन असतं, नाक मोकळं करायला. तेही बीपी वर नेऊ शकतं. म्हणजे बघा, खोकला आला म्हणून ज्येष्ठमध आणि सिरप, त्याने बीपी वर, बीपी वर म्हणून गोळी दुप्पट आणि गोळीमुळे खोकला. तुमच्या बाबतीत हे असंच झालंय असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पत्रात सगळे तुकडे आहेत, आणि तुमच्या डॉक्टरांना त्यातला ज्येष्ठमधाचा तुकडा ठाऊक नसणार. 'कुठली औषधं चालू आहेत?' असं विचारलं की आपण गोळ्यांची नावं सांगतो. स्वयंपाकघरातून जे घेतो ते औषध आहे असं कुणाच्या मनातच येत नाही.

ज्येष्ठमध आजच बंद करा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, हे जरा दरडावूनच सांगतो. एकदम सोडली तर बीपी उसळू शकतं. शिवाय हार्ट अटॅकनंतर, हृदय अशक्त असताना किंवा मधुमेहात मूत्रपिंडं जपायला हीच गोळी मुद्दाम दिलेली असते. अशा माणसाने दुसऱ्याचा सल्ला वाचून ती सोडणं धोक्याचं आहे. तुमच्या पत्रात असा दुसरा आजार दिसत नाही, त्यामुळे बदल सोपा जाईल. डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, 'डॉक्टर, या गोळीने खोकला येतो का? दुसरी देता येईल का?' यात त्यांचा अपमान नाही. बहुतेक वेळा 'सार्टन' गटातली गोळी मिळते, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन. काम जवळपास तेच, पण ब्रॅडिकायनिनच्या वाटेला ती जात नाही, त्यामुळे तिने असा खोकला क्वचितच होतो. डोस निम्मा करून बघू, असं कुणी म्हटलं तर त्याचा फारसा उपयोग नाही. हा त्रास डोसवर अवलंबून नसतो, गोळी बदलायलाच लागते.

बदलल्यावर तिसऱ्या दिवशी 'अजून खोकतेच आहे' म्हणून निराश होऊ नका. साधारण एक ते चार आठवड्यांत खोकला ओसरतो, काही जणांना तीन महिनेही लागतात. या काळात दुसरं नवं औषध सुरू करायचं नाही. सगळं एकदम बदललं तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. खोकला गेला तर फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, 'प्रिल गटाची गोळी चालत नाही'. उद्या दुसऱ्या गावी दुसरा डॉक्टर तीच गोळी दुसऱ्या नावाने लिहून देईल. आणि ही गोळी चालू असताना ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर अपॉइंटमेंट-बिपॉइंटमेंट काही नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. ही सूज घशात उतरली तर श्वास अडतो.

सिरपांबद्दल मला जरा बोलायचंच आहे. आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून 'भैया, खाँसी की अच्छी वाली दवा दे दो' म्हणायची पद्धत आहे. भैया हाताला लागेल ती बाटली देतो. आता तुमच्या घरातल्या त्या चार बाटल्या टेबलावर ओळीने मांडा आणि लेबलं वाचा. एकीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल, ते खोकला दाबतं. दुसरीत ॲम्ब्रोक्सॉल किंवा ग्वायफेनेसिन, ते कफ पातळ करून बाहेर काढायला मदत करतं. तुम्हाला कफच नाही, मग ते पातळ काय करणार? काही बाटल्यांत दाबणारं आणि काढणारं एकत्रच भरलेलं असतं, त्याचं तर्कशास्त्र मला अजून कुणी नीट समजावून दिलेलं नाही. तिसरीत टर्ब्युटालिन असेल, दमा नसलेल्या माणसाला त्याने नुसती धडधड होते आणि हात थरथरतात. क्लोरफेनिरामीनने झोप येते, म्हणून रात्री बरं वाटल्यासारखं होतं. कोडीन असलेली बाटली तर चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नाही, तिची सवय लागते.

घरात नातवंडं असतील तर या बाटल्या त्यांच्या हाताला लागू देऊ नका, आणि मोठ्यांच्या बाटलीतला अर्धा चमचा त्यांना देण्याचा तर विचारही नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच राज्यात छिंदवाड्याकडे काय झालं ते विसरण्यासारखं नाही. खोकल्याच्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून जास्त मुलं गेली. साध्या सर्दी-खोकल्याचं ते औषध होतं, आणि लहान मुलांचा असा खोकला बहुधा आपोआपच बरा होतो.

घरगुती उपायांत मध चांगला. रात्री झोपताना चमचाभर घ्या, घसा शांत होतो. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, मग आजी काहीही म्हणो. हळद-दूध आवडत असेल तर प्या. काढ्यात काय काय घालता ते लिहिलेलं नाही, ज्येष्ठमध घालत असाल तर तोही बंद. बफारा नाक चोंदलं असेल तेव्हा घ्यावा, कोरड्या खोकल्याला त्याचा विशेष फायदा नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून भाजलेली माणसं मात्र हॉस्पिटलात येत असतात.

यजमानांच्या गुलालाचं लवकर आटोपतो. गेरमध्ये यंत्राने उडवलेला गुलाल नाकातोंडात जातो, दोन-चार दिवस घसा धरतो, दमा असेल तर तो उसळतो, हे सगळं खरं. पण श्वासनलिकेला आतून बारीक केसांसारखं अस्तर असतं, ते धूळ सतत वर ढकलत असतं. एका दिवसाचा गुलाल तीन महिने छातीत ठाण मांडून बसत नाही. आजारी तुम्ही पडलात त्या सर्दीच्या विषाणूने, आणि गेरच्या गर्दीत तो मिळायला कितीसा वेळ लागतो!

सासूबाईंचं तसं नाही. त्यांची शंका पूर्णपणे वेडी नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची, हा आपल्या देशाचा नियमच आहे आणि तो योग्य आहे. तुमच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत. संध्याकाळचा ताप नाही, वजन उतरलेलं नाही, एक्स-रे साफ होता. पण तो एक्स-रे सुरुवातीचा, त्याला आता बरेच दिवस झाले. एकदा पुन्हा काढा. आणि सकाळी थोडासा जरी कफ पडत असेल तर तो तपासायला द्या. आपल्याकडे मनोरमा राजे टीबी हॉस्पिटल आहे, जवळच्या सरकारी दवाखान्यातूनही नमुना पाठवता येतो. ही तपासणी तिथे फुकट होते. नमुना देण्याचीही एक रीत आहे. सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरायची. मोकळ्या हवेत जायचं, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि पोटातून जोर लावून खोकायचं. डबीत थुंकी नको, छातीतून आलेला चिकट कफ हवा. नुसती लाळ भरून दिली की अहवाल 'निगेटिव्ह' येतो आणि उगाच सगळे निश्चिंत होतात. मशीनवरच्या तपासणीचं उत्तर काही तासांत तयार होतं, टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही त्यातच समजतं.

आता त्या पेल्याबद्दल. टीबी ताट-वाटीने पसरत नाही, पेल्याने नाही, कपड्यांनी नाही. तो हवेतून पसरतो, आजारी माणसाच्या खोकण्या-शिंकण्यातून आणि बंद खोलीत बराच काळ बरोबर राहिल्याने. तेव्हा समजा तुम्हाला टीबी असता, तरी वेगळ्या पेल्याने सासूबाईंचं रक्षण झालं नसतं. खिडकी उघडी ठेवण्याने आणि तोंडावर रुमाल धरण्याने झालं असतं. त्यांच्या वयाच्या लोकांनी घराघरांतून टीबीची माणसं जाताना पाहिली आहेत, स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात सापडलं आणि ते सगळ्यांपर्यंत पोचायला पुढे किती वर्षं गेली. त्यांची भीती तिथली आहे. म्हणून वाद घालू नका. अहवाल आला की यजमानांना सांगा, 'आईंना तुम्हीच वाचून दाखवा.' मुलाच्या तोंडून ऐकलेलं सुनेच्या तोंडच्यापेक्षा जास्त पटतं, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

आणि स्ट्रिपवर 'प्रिल' नसलंच तर? किंवा बदलूनही फरक नाही पडला तर? मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांपुढे गेला, तो सिगरेट ओढत नसला आणि एक्स-रे साफ असला की बहुतेक वेळा तीन ठिकाणी शोधावं लागतं. पहिलं नाक. सर्दी घशात मागे उतरत राहते, सारखं घसा खाकरावंसं वाटतं. त्याला नाकाचा स्टिरॉइड स्प्रे लागतो, तो रोज दोन-तीन आठवडे, आणि नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने धरून.

दुसरा दमा. दमा म्हणजे धाप आणि शिट्टीसारखा आवाज अशी आपली समजूत असते, पण काही जणांना दम्यात नुसता खोकलाच येतो. पहाटे जाग आणणारा, मिरचीच्या फोडणीने किंवा उदबत्तीने उसळणारा. तो ओळखायला स्पायरोमेट्री करतात. नळीत पूर्ण जोराने फुंकायचं, मग पंपाचं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं आणि दोन्ही आकडे ताडून बघायचे. दमा निघाला तर पंप घ्या. 'पंपाची सवय लागते' हे वाक्य इंदूरच्या प्रत्येक कॉलनीत कुणीतरी ऐकवतंच. त्यातलं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून ते गोळीच्या मानाने अगदी थोडं लागतं. स्टिरॉइडचा पंप असेल तर घेतल्यावर चूळ भरून टाकायची, एवढं पथ्य.

तिसरं पित्त, म्हणजे जठरातलं आम्ल वर येणं. जेवणानंतर, वाकल्यावर, आडवं झाल्यावर खोकला येत असेल तर त्याचा विचार करावा. आपल्या गावात रात्री दहाला सराफ्यात जाऊन गराडू, कचोरी आणि वर शिकंजी झाली की घरी येऊन लगेच पाठ टेकायची, ही वहिवाट आहे. मीही इंदूरचाच, सराफा सोडा असं कुणाला सांगणार नाही. पण निजण्याआधी दोन-तीन तास पोटात काही जायला नको. उशा वाढवून उपयोग नाही, त्याने पोट दुमडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा. छातीत जळजळ अजिबात नसेल तर मात्र नुसत्या पित्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊन खोकला सहसा जात नाही, त्या मागून घेऊ नका.

यातलं काहीही असलं तरी पुढची लक्षणं दिसल्यास थांबायचं नाही: थुंकीत रक्त, जिना चढताना नवीनच लागलेली धाप, पायांवर सूज, आपोआप उतरणारं वजन, तीन आठवडे बसलेला आवाज. घरात कुणी बिडी-सिगरेट ओढणारं असेल तर त्याच्या बदललेल्या खोकल्यालाही हेच लागू.

शेवटचं, तुम्ही लाजत लिहिलेलं. खोकताना लघवी सुटणं ही गोष्ट तुमच्या वयाच्या बायकांत सर्रास असते. बाळंतपणांनी आणि पाळी जाण्याच्या सुमाराच्या बदलांनी ओटीपोटाखालचे स्नायू सैल झालेले असतात, त्यावर तीन महिने दिवसातून पन्नासदा खोकल्याचा दाब. खोकला कमी झाला की हेही पुष्कळ कमी होईल. तोवर उबळ येतेय असं वाटलं की पायावर पाय घालून कमरेतून किंचित पुढे झुका. आणि लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच, लघवी चालू नसताना, दहा-दहा वेळा आवळून सोडायचे, दिवसातून तीनदा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. पाणी कमी पिऊ नका, त्याने घसा आणखी सुकतो. एवढ्याने भागलं नाही तर बाईडॉक्टरांना दाखवा, त्यावर नीट उपचार आहेत.

सोमवारी डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची स्ट्रिप, जुना एक्स-रे आणि सिरपाच्या चारही बाटल्या पिशवीत घालून न्या. गोळी बदलली की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा, आणि रोज रात्री खोकल्याने किती वेळा जाग आली तेवढा आकडा लिहा. ज्येष्ठमध सोडल्यावर दोन आठवड्यांनी बीपी पुन्हा मोजून घ्या, कदाचित तो दुप्पट डोस लागणारही नाही. मंडळात टाळ वाजवताय तेच चालू ठेवा, गाणं मात्र आधी घरी, हळू आवाजात, एकेक कडवं करून बघा.